उभ्या गाडीतला आवाज

मानेवाडा चौकात सिग्नल लाल झाला. सुशीलने गाडी न्यूट्रलला टाकली, हात स्टिअरिंगवर सैल सोडले आणि समोरच्या ऑटोच्या पाठीवर रंगवलेल्या मोराकडे बघत बसला. फेब्रुवारी संपत आला होता, सकाळच्या उन्हालाही आतापासूनच धार चढली होती, आणि त्याने एसी लावला होता. कळमन्याला मिरचीचा लिलाव सुरू व्हायच्या आत पोचायचं, वाटेत भूमिकेला कॉलेजपाशी आणि बायकोला, वंदनाला, ती शिकवते त्या शाळेपाशी सोडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मोराची मान चितारणाऱ्याने बदकासारखी काढली आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि तेवढ्यात शेजारी बसलेली भूमिका, त्याची मुलगी, मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, हा आवाज कायचा येऊन राहिला?"

"कोणता आवाज?"

"हा काय. चिर्र, चिर्र. गाडी थांबली की सुरू होते."

सुशीलने कान दिला. इंजिनाची नेहमीची घुरघुर होती, एसीचा वारा होता, बाजूला उभ्या असलेल्या बसचं डिझेल खदखदत होतं. चिर्र म्हणावं असं काही नव्हतं. त्याने काच खाली केली. धूळ आत आली, आवाज काही आला नाही. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गिल्ला केला आणि गाडी पुढे सरकली. "आता गेला," भूमिका म्हणाली. मागच्या सीटवरून वंदना काहीतरी पुटपुटली. "काय म्हणते?" त्याने भूमिकेला विचारलं. "आई म्हणून राहिली, तिले तं कवापासूनच ऐकू येऊन राहिला." "मंग सांगाले काय झालं होतं?" भूमिकेने मागे वळून आईकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघत म्हणाली, "सांगितलं होतं म्हणते."

हे असंच असतं, सुशीलला वाटलं. या घरात प्रत्येक गोष्ट सांगितलेली असते. गॅस संपत आल्याचं सांगितलेलं असतं, पाहुणे येणार असल्याचं सांगितलेलं असतं, आणि कोणी, कधी, कोणत्या भिंतीला सांगितलं हे मात्र विचारायचं नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस दिवसभर बाजाराच्या यार्डात लिलाव पुकारत गळा फोडून घरी येतो, त्याला या घरात घडलेल्या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकासारख्या मागाहून कळतात. चिडचिड कशावर करावी हेही धड समजेना, म्हणून त्याने पुढच्या मोपेडवर हॉर्न वाजवला.

त्या दिवसापासून गाडी चालवण्यातलं सुख गेलं. मनीषनगरातून निघून रिंगरोडने कळमन्यापर्यंत जाणारा तो रस्ता ही त्याच्या दिवसातली एकच जागा होती जिथे कोणी भाव करत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. आता प्रत्येक सिग्नलला तो रेडिओ बंद करायचा, एसी बंद करायचा, श्वास धरायचा आणि एखाद्या घरात चोर शिरल्याचा संशय यावा तसा कान टवकारून बसायचा. भूमिका सोबत असली की विचारायचा, आता येते का? येते ना, ती म्हणायची. पाय दाबून इंजिनाला रेस द्यायचा. आता? आता नाही. पाय सोडायचा. आता? आला परत. असं बोलता बोलता आपण एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसून नातेवाइकांना लक्षणं विचारतो आहोत असं त्याला वाटे, आणि आजार तर त्याच्याच गाडीला होता. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, चालवणारा तो, आणि आवाज मात्र त्याला सोडून सगळ्यांना येत होता. या गोष्टीतला अपमान बारीक होता, कुसळासारखा. हाताला लागत नव्हता आणि टोचत होता.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तो गाडी घेऊन गेला तेव्हा तिथल्या टाय लावलेल्या माणसाने हातातल्या पाटीएवढ्या टॅबवर बोट ठेवून हिंदीत विचारलं, "सर, आवाज कैसा है? टिकटिक, चिरचिर, या खडखड?" सुशीलला शाळेतल्या तोंडी परीक्षेची आठवण झाली. भूमिकेचं 'चिर्र' त्याला पाठ होतं. पण त्या थंड, चकचकीत हॉलमध्ये, मागे रांगेत माणसं उभी असताना, तोंडाचा चंबू करून चिर्र म्हणणं त्याला जमेना. शिवाय जे आपण ऐकलंच नाही त्याची नक्कल कशी करायची? ते दुसऱ्याची सही करण्यासारखं होतं. "खडखड," तो म्हणाला. त्या एका शब्दावर सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी वर उचलली, सायलेन्सरवरचा सैल झालेला पत्रा शोधून काढला, आवळला, आणि गाडी धुऊनपुसून त्याच्या ताब्यात दिली. फाटकापाशी थांबून त्याने कान दिला. आवाज नव्हता. आधीही नव्हता, पण हे त्याने स्वतःला सांगितलं नाही. संध्याकाळी मुद्दाम दोघींना गाडीत घालून तो बाजारात घेऊन गेला. पहिल्याच सिग्नलला भूमिका बिचकत म्हणाली, "बाबा, हाये ना अजून."

"तुमच्या दोघींच्या कानात भुंगे शिरले हायेत," सुशील म्हणाला. "गाडी नाही, तुमचे कान दाखवाले पाह्यजेन." वंदनाने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि काचेला काहीतरी सांगितलं. काचेला सांगितलेलं त्याने विचारलं नाही.

वंदना अलीकडे अशीच बोलत असे, काचेशी, भिंतीशी, उघड्या फ्रिजशी. लग्न झालं तेव्हा ती बोलकी होती. शाळेतून आली की पर्स खांद्यावर असतानाच तिचं सुरू होई, कोणत्या पोराने फळ्यावर काय लिहिलं, प्रेमिला मॅडमने स्टाफरूममध्ये कोणाची कशी जिरवली, आणि त्याचा चहा निवून जाई. मग केव्हातरी तिचं बोलणं कमी होऊ लागलं. उन्हाळ्यात नळाची धार बारीक व्हावी तसं. एका दिवसात काही होत नाही, पण एक दिवस बादली भरायला अर्धी सकाळ जाते. त्याचे वडील रुपराव अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळले त्या सुमाराला तर तिने त्याच्याशी बोलणं जवळजवळ टाकूनच दिलं. बोलायची तेही पाठमोरी, नळ सुरू ठेवून, मुद्दाम केल्यासारखं. तो "हं" म्हणे, "बरं" म्हणे, "हो" म्हणे, आणि तेवढ्यावर भागत असे. पन्नाशीत सगळ्यांचंच असं होतं, हे त्याने यार्डातल्या मित्रांकडून ऐकलं होतं आणि ते त्याला पटलं होतं. तरी आतल्या खोलीत मायलेकी हसत असल्या आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला, तर त्या हसणं थांबवत नसत आणि तरीही त्या कशाला हसल्या ते त्याला कधी कळत नसे. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलेल्या माणसासारखा तो तिथे उभा राही आणि मग पाणी प्यायचं निमित्त करून निघून जाई.

सर्व्हिस सेंटरचा नाद सोडून त्याने बेसा रोडवरच्या रोहितचं गॅरेज धरलं. रोहित कामाला हुशार होता की नाही सांगता येत नाही, घाईत मात्र कायम असे. एका कानात फोनची बोंडी घालून तो गिऱ्हाइकाशीही बोले आणि फोनवरच्याशीही, आणि कोणतं बोलणं कोणासाठी हे ज्याचं त्याने ओळखावं. त्याने बोनेट उघडलं, इंजिन सुरू ठेवायला सांगितलं आणि म्हणाला, "कोणता आवाज ते सांगा भाऊ, इथं तं चार आवाज येऊन राहिले." मग त्याने एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ सुशीलच्या कानाजवळच्या हाडाला लावली. डॉक्टर नळी लावतात तसं. सुशीलच्या कवटीत एकदम धडधड भरून आली. जाड, काळी, तेलकट धडधड. आपल्याच छातीत वाकून बघितल्यासारखं त्याला वाटलं. "हा का?" रोहितने विचारलं. सुशीलने नाही म्हणून मान हलवली. टोक दुसरीकडे गेलं. तीच धडधड, जरा पातळ. "हा?" आता काहीतरी म्हणणं भाग होतं. सुशीलने कान सोडून रोहितच्या चेहऱ्याकडे पाहायला सुरुवात केली. एका जागी टोक टेकलं तेव्हा रोहितची भुवई किंचित वर गेली. "हा," सुशील लगेच म्हणाला. "हाच." रोहितने पट्टा बदलून टाकला. संध्याकाळी सिग्नलला भूमिकेने बापाकडे बघून ओठ दाबले, आणि सुशीलला सगळं समजलं.

दोघी मिळून आपली थट्टा करत आहेत, असं त्याच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं आणि थोडं रेंगाळलंही. दुसऱ्या दिवशी कळमन्यात लिलाव आटोपल्यावर त्याने देवाजीला हाक मारली. देवाजी मापारी होता, रुपरावांच्या वेळेपासून अडतीत पोती मोजत आलेला. डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, पाठ वाकलेली, मिरचीच्या तिखट खकाण्याने आयुष्यभर खोकत असलेला म्हातारा. या माणसाला जे ऐकू येईल तेवढंच खरं, असं सुशीलने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"देवाजी, बसा गा गाडीत जरासे."

"कुठी जाचं हाये, भाऊ?"

"कुठीच नाही. बसा फक्त."

देवाजीने विजारीवरची लाल धूळ झटकली आणि सीट मळू नये म्हणून अर्धवटच टेकला. सुशीलने गाडी सुरू केली. यार्डात दुपारची सामसूम होती, पोत्यांच्या थप्प्यांच्या सावलीत हमाल आडवे झाले होते. "काही ऐकू येते?" सुशीलने विचारलं. "कायचं?" देवाजी म्हणाला, आणि सुशीलच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. "काहीच नाही ना?" देवाजीने मान तिरकी केली. "इंजिन चालू हाये," तो म्हणाला. "अन् हा रातकिडा."

"कुठी हाये रातकिडा?"

"हा काय, भाऊ. पुढं, तुमच्या पायाच्या अंगानं. बारीक हाये. मले वाटलं गाडीत किडा शिरला."

सुशीलने इंजिन बंद केलं. "आता?" "आता नाही." पुन्हा सुरू केलं. "आता?" या खेपेला देवाजी बोनेटकडे बघत नव्हता, सुशीलकडे बघत होता. "येते," तो हळूच म्हणाला, निदान त्याचे ओठ तसे हलले. मग तो उतरला आणि त्याने गाडीचं दार इतक्या जपून लावलं की सुशीलला संताप आला. आजारी माणसाच्या खोलीचं दार लावतात तसं ते लावलं होतं.

तो गाडीतच बसून राहिला. बाहेर कोणी काही बोललं असतं तरी चाललं असतं, पण सगळे झोपले होते आणि त्याला आपल्याच डोक्यात बसावं लागलं. रुपराव भिवापूरहून मिरची घेऊन या यार्डात आले तेव्हा त्यांनी त्याला पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की वाळलेली मिरची देठाला धरून कानाशी हलवायची. नीट वाळली असेल तर आत बिया खुळखुळतात, बारीक, पैंजणासारख्या. ओल असेल तर मुकी राहते. कित्येक वर्षं तो ढिगातून मिरची उचलून कानाशी नेत आला होता. आणि मग केव्हापासून आपण ती कानाशी न नेता बोटांनी मोडून बघायला लागलो? केव्हापासून? त्याला आठवेना. मिरच्या खुळखुळेनाशा झाल्या तेव्हा आपण काय समजलो? बियाणं बदललं, असं समजलो. मागच्या हप्त्यात एका व्यापाऱ्याने गर्दीच्या मागून बोली वाढवली होती आणि सुशीलने त्याआधीच्या बोलीवर ढीग तोडून सौदा पक्का केला होता. तो व्यापारी तणतणत आला तेव्हा सुशीलने त्याला सगळ्यांसमक्ष खोटारडा म्हटलं होतं. मोठ्या गळ्याचे, पुढे उभे असलेले लोक त्याला ऐकू येत. बाकीच्यांची तो बोटं बघत असे, ओठ बघत असे. हे आपण कधी शिकलो? कोणी शिकवलं?

आणि मग त्याला नको असताना कवडूकाका आठवला. रुपरावांचा थोरला भाऊ. सगळं गाव त्याला भैरा कवडू म्हणत असे. भिवापूरच्या घराच्या ओसरीत तो बसलेला असे आणि घरातली माणसं हसली की तोही हसे, सगळ्यांच्या मागून, जराशा उशिराने, आधी एकेकाचं तोंड नीट बघून. हसणं संपत आलं की त्याचं सुरू होई. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून माणूस किती बोलणार? जेवा म्हणून ओरडता येतं. उठा म्हणून, निजा म्हणून ओरडता येतं. आज आभाळ कसं आलं होतं, नदीवर कोण भेटलं, कोणाच्या सुनेने काय केलं, हे कोणी ओरडून सांगत नाही. कवडूकाका माणूस तोच होता, अंगापिंडाने धडधाकट; त्याच्यापर्यंत पोचणारे शब्द तेवढे गळत गेले होते आणि शेवटी जेवा, उठा, निजा एवढेच उरले होते. सुशीलने घरात आपल्यापाशी येणारे शब्द आठवायचा प्रयत्न केला. जेवाले या. डबा घेतला का. गाडीची चाबी कुठी हाये. इंजिन सुरूच होतं. त्याने हात लांबवून ते बंद केलं आणि त्याच्या दृष्टीने काहीही बदललं नाही.

हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. सांगायच्या ऐवजी तो जास्त चिडू लागला. मोटरसायकलने यार्डात जाऊ लागला, गाडी घराखाली धूळ खात उभी राहिली. भूमिकेने काही विचारलं की तिच्या अंगावर खेकसे, कारण विचारलेलं अर्धंच कळे आणि उरलेलं अर्धं जुळवता जुळवता तो थकून जाई. इतके दिवस हे जुळवणं आपोआप होत होतं, आता ते दिसायला लागलं होतं, आणि एकदा दिसायला लागल्यावर ते किती कष्टाचं आहे हेही कळायला लागलं. अखेर एका रविवारी सकाळी वंदनाच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, त्याचा पेपर खाली करून म्हणाली, "चला, गाडी दाखवून येऊ. मी येते संग."

गॅरेजमध्ये तिने ओढणी कमरेला खोचली, चष्मा सारखा केला आणि रोहितच्या हातातून स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या हातात घेतला. "हा नाही," ती म्हणाली. "हाही नाही." शाळेत वह्या तपासते तसा तिचा चेहरा झाला होता. टोक थोडं खाली सरकवलं. थांबली. "हा. हाच हाये." रोहितने वाकून ऐकलं. "टेन्शनरचं बेअरिंग, मॅडम. भाऊनं त्या दिवशी पट्ट्यावर बोट ठेवलं, नाही तं तवाच झालं असतं." तो सामान आणायला मोटरसायकलवर निघून गेला. ती दोघं गॅरेजबाहेरच्या बाकावर बसली. समोरून रेतीचे ट्रक जात होते. वंदना ट्रककडे बघत काहीतरी म्हणाली. "हो," सुशील म्हणाला.

ती उठली, पत्र्याचा एक स्टूल ओढून त्याच्या अगदी पुढ्यात बसली. "कायले हो म्हटलं तुम्ही?"

"गाडी होईल आज, असंच म्हटलं असशील ना."

"मी म्हटलं, तुम्हाले तो आवाज येतच नाही ना?"

एक ट्रक गेला. त्याची धूळ बाकावर येऊन बसली. आपण कबुलीजबाब देऊन बसलो आणि तोही न ऐकता, हे सुशीलच्या ध्यानात आलं, आणि त्याचा सगळा जळफळाट तोंडावाटे बाहेर पडला. "तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता," तो म्हणाला. "दोघीही. पाठमोऱ्या बोलता, नळ सुरू ठेवून बोलता. माणसानं ऐकावं तरी कसं? अन् तुले तं मले काही सांगाचंच नसते. हेडमिस्ट्रेसची जागा चालून आली, हुडकेश्वरच्या शाळेची, तुनं परभारे नाही म्हणून टाकलं, अन् नवऱ्याले ते कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत कळलं. प्रेमिला मॅडमकडून." ही त्याची जुनी जखम होती. त्यावरून त्याने तिला इतके टोमणे मारले होते की आता ते जिभेवर आपोआप येत. वह्याच तपासत राहा जन्मभर, असं तो म्हणे, आणि ती त्याच्याकडे अशा काही नजरेने बघे की तिला हट्टी म्हणण्यापलीकडे त्याला काही सुचत नसे. आताही ती तशीच बघत होती.

"तुम्हाले विचारलं होतं," ती म्हणाली.

"कवा?"

"गाडीत. बाबाजींले दवाखान्यातून घरी आणाले जाऊन राहिलो होतो. रेल्वेचं फाटक लागलं होतं. गाडी सुरूच ठेवली होती तुम्ही, एसीसाठी. मी म्हटलं, बाबाजींचं असं, भूमिकेची बारावी, नाहीच म्हणून देऊ का मी त्याइले? तुम्ही म्हणाले, हो, बरोबर हाये."

फाटक त्याला आठवलं. कोळशाच्या डब्यांची न संपणारी मालगाडी आठवली, आणि शेजारी समोर बघत काहीतरी बोलणारी वंदना. वडिलांच्या रिपोर्टचं काहीतरी असेल असं त्याला वाटलं होतं, आणि बायको काही बोलली तर बरोबर आहे म्हणायला काय जातं? आपण म्हणालो. नक्की म्हणालो असणार. त्या काळात आपण सगळ्यालाच म्हणत होतो.

"मले वाटलं होतं तुम्ही म्हणाल, काहून नाही म्हणतं वं," वंदना म्हणाली. ती रडत नव्हती. फळ्यावरचं गणित वाचून दाखवावं तशी बोलत होती. "तेवढंच ऐकाचं होतं मले. तुम्ही बरोबर हाये म्हटलं अन् वरून इतकी वर्सं मलेच बोलून राहिले. मी म्हणे, हा माणूस इतका कसा उलट्या काळजाचा. आता तुमच्या तोंडाकडे पाहून राहिली तं धड रागही येत नाही. अन् त्याचाच राग येऊन राहिला."

ज्या प्रश्नाचं उत्तर सुशीलने देऊन टाकलं होतं तो प्रश्न त्याने आज पहिल्यांदा ऐकला होता. रोहित परत आला, जुनं बेअरिंग काढलं, नवं बसवलं, इंजिन सुरू केलं. "ऐका आता, भाऊ," तो म्हणाला. "गेला का?" हातांना काही लागलं नव्हतं तरी सुशीलने ते रुमालाला पुसले. "तिले विचार," तो म्हणाला.

धंतोलीतल्या कानाच्या दवाखान्यात त्याला एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा, काचेपलीकडची मुलगी म्हणाली. सुरुवातीचे जाड आवाज आले, त्याने दाबलं. मग काहीच येईना. शांतता इतकी लांबली की त्याला नापास होण्याची भीती वाटायला लागली आणि यार्डातली जुनी सवय कामाला आली. तो मुलीचे खांदे बघून अंदाजाने बटण दाबू लागला. थोड्या वेळाने तिने त्याचं यंत्र काढलं आणि मऊपणाने म्हणाली, "काका, आता मी आवाज दिलाच नव्हता." डॉक्टरांनी कागदावर एक रेघ दाखवली, डावीकडे सपाट आणि उजवीकडे टेकडीच्या उतारासारखी खाली गेलेली. भारी आवाज शाबूत आहेत, बारीक गेले आहेत, बायकांचे, मुलांचे, स, त, फ असे शब्दांच्या कडांवरचे. हे सगळं डॉक्टर वंदनाकडे बघून सांगत होते, आणि सुशील आपल्याच तपासणीत शेजारी बसून त्यांचे ओठ वाचत होता.

कानात घालायचं यंत्र आलं आणि नवी कटकट सुरू झाली. जग इतकं किरकिरं आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पेपरची घडी करताना करवत चालल्यासारखं वाटे. प्लास्टिकची पिशवी कोणी उघडली की अंगावर काटा येई. स्वतःच्या चपला, स्वतःचं चावणं, पंख्याचं एक पातं, फ्रिजचं मध्येच दचकणं, सगळं कानात येऊन भांडायला लागलं. यार्डात तर त्याने पहिल्याच दिवशी यंत्र काढून खिशात टाकलं, मग देवाजीच्या नजरेने पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. सिग्नलला थांबला की इंडिकेटरची टिकटिक ऐकू येई. तो दुसरा आवाज मात्र आता नव्हता. ज्या आवाजापायी एवढं सगळं झालं तो कसा होता हे त्याला कधीच कळणार नव्हतं. भूमिकेने एकदा तोंडाने काढून दाखवला. "असा?" तो म्हणाला. "एवढाच?" त्याला उगाच फसवल्यासारखं वाटलं.

मार्चअखेरच्या एका सकाळी तो यंत्र लावून, अनवाणी, पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी आला. वंदना पाठमोरी होती. नळ सुरू होता, तवा तापला होता, ती पोळी लाटत होती आणि बोलत होती. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. "डबा आजही विसरतीन," ती म्हणत होती. "विसरू दे. मंग फोन करतीन, पाठवून दे म्हणून. मी काय रिकामी बसली हाये." पोळी उलटली. "काल म्हणे भाजीत मीठ कमी. मीठ बरोबर होतं." त्या बोलण्याला एक लय होती, फार दिवसांची, घासून गुळगुळीत झालेली, आणि ते सगळं त्यालाच उद्देशून होतं. ती त्याच्याशी बोलायची थांबली नव्हती. फक्त त्याची गरज तिला उरली नव्हती. इतकी वर्षं रोज सकाळी ती त्याला सगळं सांगत आली होती आणि तो बाहेर पेपर वाचत आला होता. निघून जावं असं त्याला वाटलं. ही तिची खोली होती, तिने न ऐकणाऱ्या नवऱ्याशी बोलण्यासाठी केलेली, आणि तो तिच्यात न विचारता घुसला होता. पण पाय हलेनात. "हुडकेश्वरची जागा निघाली म्हणे परत," वंदना पोळीला म्हणाली. "निघू दे. यंदा कोणालेच नाही विचारत. सरळ अर्ज देऊन टाकते. होते का नाही ते माझं मी पाहीन."

प्रत्येक शब्द आला. त्याच्या कडांसकट आला.

"नको विचारू," सुशील दारातून म्हणाला.

लाटणं थांबलं. ती वळली नाही. तिने हात लांबवून नळ बंद केला, आणि घरात एवढी शांतता पसरली की तव्यावरच्या पोळीला डाग पडतानाचा आवाज त्याला ऐकू आला. मग पाठमोरीच, अगदी हलक्या आवाजात, स्वतःशी बोलत होती त्याहूनही हलक्या आवाजात, तिने विचारलं, "आलं का ऐकू?"

"आलं."

"मंग पाणी घ्या अन् बाहेर बसा," वंदना म्हणाली. "मले अजून बोलाचं हाये."